कापडी डायपर: काही महिने वापरल्यावर धुण्याबद्दल जे कळतं

हा अनुभव दोन प्रकारच्या डायपरचा आहे. एक पॉकेटवाला, म्हणजे वॉटरप्रूफ कव्हरच्या पोटात पॅड सरकवायचं. दुसरा साधं कव्हर आणि त्यावर बटणांनी बसणारं सुटं पॅड. तान्हेपणापासून बाळ रांगायला लागून खिमटी-वरणभात खायला लागेपर्यंतचा वापर. एकूण मत चांगलं आहे, पण अट एकच: धुणं जमलं पाहिजे. वास येतो, गळतं, रॅश उठतो, पॅड कडक झालं या तक्रारींमागे कापड क्वचितच असतं. बहुतेक वेळा पावडर कमी पडलेली असते. बाळाची त्वचा नाजूक म्हणून लोक चमचाभर ‘सौम्य’ लिक्विड घालतात आणि नेमकं तिथेच बिघडतं. नीट विसळून निघालेली पावडर सहसा त्रास देत नाही. पॅडच्या आतल्या थरात मुरलेली लघवी देते.

नवी पॅडं आणल्या आणल्या वापरू नयेत. सुती पॅडात कापडाचा मूळचा मेणचटपणा असतो. चार-पाच वेळा धुऊन वाळवल्याशिवाय सुती आणि बांबूची पॅडं पूर्ण शोषत नाहीत. पहिल्याच दिवशी गळती झाली म्हणून डायपर परत करणारे इथे फसतात. मायक्रोफायबरला (बारीक कृत्रिम धाग्यांच्या कापडाला) एक धुणं पुरतं, पण ते थेट त्वचेला लावू नये. ओलावा इतका ओढतं की त्वचा कोरडी पडून लाल होते.

रोजचा क्रम असा. डायपर काढला की पॅड लगेच पॉकेटमधून बाहेर. आत राहिलं तर मशीनमध्ये ते उघडत नाही आणि मधला भाग तसाच राहतो. शूचे डायपर जाळीच्या टोपलीत किंवा बिनझाकणाच्या बादलीत कोरडेच टाकावेत. पाण्यात भिजत ठेवायची जुनी सवय इथे सोडायला हवी. दिवसभर भिजलं की पाणी सडतं, आणि कव्हरचं इलॅस्टिक व आतला वॉटरप्रूफ थर दोन्ही लवकर जातात. दोन दिवसांच्या आत धुणं व्हायलाच हवं. रात्रीचा डायपर मात्र सकाळीच साध्या पाण्यात दोनदा खळबळून पिळून टाकावा.

फक्त आईच्या दुधावरच्या बाळाची शी पाण्यात विरघळते, त्यामुळे ती मशीनमध्ये गेली तरी चालते, पण जेटखाली धरली तर डाग कमी पडतो. वरचं खाणं सुरू झालं की हे चालत नाही. घट्ट शी कमोडमध्ये पाडायची, मग डायपर वरच्या टोकाला धरून जेट वरून खाली मारायचा. आपल्याकडे बहुतेक संडासांत जेट असतो ही मोठी सोय आहे. परदेशात हाच स्प्रे लोक खास डायपरसाठी विकत आणून बसवतात. पाणी गारच हवं. गरम पाण्याने शीतली प्रथिनं धाग्यात पक्की बसतात.

मशीनमध्ये दोन धुणी लागतात. पहिलं छोटं, अर्ध्या-पाऊण तासाचं, गार पाण्यात, अर्ध्या मापाने पावडर घालून. यात लघवी आणि उरलीसुरली घाण निघून जाते. दुसरं मुख्य धुणं लांबलचक कॉटन सायकलवर, ४० ते ६० अंशांवर, आणि पाकिटावर जास्त मळलेल्या कपड्यांसाठी जे माप दिलंय ते पूर्ण. ६० च्या वर जाऊ नये, कव्हरचा थर सुटतो. ड्रम साधारण दोन तृतीयांश ते पाऊण भरलेला असावा. सहा-सात डायपर एकटे फिरवले तर ते नुसते पाण्यात डुंबतात, एकमेकांवर घासले जात नाहीत. मुख्य धुण्यात सोबत झबली, छोटे टॉवेल टाकावेत. शेवटी एक जादा रिन्स.

आता पाण्याचं. पुण्याच्या उपनगरांत, मराठवाड्यात, सोलापूरकडे ज्या सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात तिथे हा सगळा हिशेब बदलतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला जातो. धुण्याच्या दृष्टीने १८० च्या वरचं पाणी फारच जड. म्हणजे पिण्यायोग्य ठरलेलं पाणीही डायपरला छळू शकतं. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार आधी पावडर खातात, मग उरलेली घाणीच्या वाट्याला येते. साबणाच्या वडीने धुतलं तर आणखी वाईट: साबण आणि क्षार मिळून न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तो धाग्यांवर बसतो. पॅड वाळल्यावर पापडासारखं ताठ झालं, पाण्याचा थेंब वर मोत्यासारखा उभा राहिला, की समजावं. अशा पाण्यात पावडर वाढवावी आणि दोन्ही धुण्यांत दोन-दोन मोठे चमचे वॉशिंग सोडा घालावा. खाण्याचा सोडा नव्हे. तो हे काम करत नाही. आधीच साका बसला असेल तर फक्त पॅडं (कव्हर नाही) गरम पाण्यात पावडर आणि वॉशिंग सोडा घालून तीन-चार तास भिजवावीत आणि मग पूर्ण धुणं करावं. निघणारं गढूळ पाणी बघून थक्क व्हायला होतं.

वासावरून निदान होतं. मशीनमधून काढतानाच कुबट वास आला तर डायपर मळकेच आहेत: पावडर वाढवा, गर्दी कमी करा. वाळल्यावर काहीच वास नाही, पण बाळाने शू केल्यावर काही मिनिटांतच डोळ्यांना झोंबणारा अमोनिया आला, तर आतल्या थरात जुनी लघवी आणि जंतू उरलेत. जंतू युरियाचा अमोनिया करतात. रात्रभर घातलेल्या डायपरला सकाळी थोडा वास येणं मात्र साहजिक आहे.

फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, तो धाग्यावर थर चढवतो आणि शोषणं बंद पडतं. व्हिनेगरने इलॅस्टिक कमजोर होतं. डेटॉलची रोज गरज नाही. बुरशीचा रॅश झाला किंवा जुने डायपर कुणाकडून घेतले तर ब्लीच वापरावं, पण आधी डायपर पूर्ण धुऊन. लघवीतला अमोनिया, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी वायू होतो. आणि मालिशचं तेल! ते पुसून न घेता डायपर बांधला की पॅडवर तेलाचा पट्टा उमटतो आणि तिथून पाणी ओघळतं. रॅशच्या क्रीमचंही तेच. लावायचंच तर मध्ये मलमलचा तुकडा ठेवावा.

डाग घासत बसू नये. धुतलेलं ओलं पॅड उन्हात टाकावं. तान्ह्या बाळाच्या शीचा पिवळा रंग मुख्यतः बिलिरुबिनचा असतो आणि प्रकाशाने तो मोडतो. काविळीच्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात ते याच कारणाने. हळदीचा डागही पावडर लागताच लालसर होतो आणि उन्हात उडतो. कव्हर मात्र सावलीतच, दोरीवर आडवं. इलॅस्टिकच्या टोकाला लटकवलं तर ओल्या वजनाने ते सैल पडतं.

हाताने धुणाऱ्यांसाठी: गार पाण्यात विसळा, कोमट पाण्यात पावडर घालून अर्धा तास भिजवा, चोळा, फेस जाईपर्यंत तीन-चार पाणी बदला. कव्हर दगडावर आपटू नये, त्यावर ब्रशही नको. धुणंभांड्याच्या मावशींना हे आधीच सांगून ठेवावं.

गळतीचा सगळा दोष धुण्याला देता येणार नाही. इलॅस्टिक जांघेच्या घडीत बसलेलं नसणं, पॅडचा कोपरा कव्हरबाहेर डोकावणं, तीन तासांहून उशिरा बदलणं ही कारणंही असतात. दिवसाआड धुवायचं तर तान्ह्यासाठी २०-२४ डायपर हवेत, सहा महिन्यांनंतर १६-१८ पुरतात. पावसाळ्यात मुंबई-कोकणात पॅडं वाळता वाळत नाहीत आणि दमट ठेवली की बुरशीचे काळे ठिपके पडतात, जे नंतर जात नाहीत. म्हणून तिथे सगळे थर एकत्र शिवलेला प्रकार घेऊच नये. कव्हर विकत घ्यावं आणि आत जुन्या मऊ सुती साडीच्या चौकोनाची सहा-आठ पदरी घडी ठेवावी: धुताना पूर्ण उघडते, साका धरत नाही, आणि पंख्याखाली काही तासांत वाळते.