७९ डॉलरची चिमणी-सफाई आणि दुसऱ्याच चिमणीचा फोटो

न्यू जर्सीत किंवा आसपासच्या राज्यांत ज्यांनी जुनं घर घेतलंय आणि ज्यांच्याकडे लाकडाची फायरप्लेस आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. थंडी तोंडावर आली की 'चिमणी साफ करून देतो, फक्त ७९ डॉलर' असे फोन आणि जाहिराती सुरू होतात. आमचे त्यात १,९५० डॉलर गेले. आणि पैसे जाणं ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट नव्हती.

आमचं घर १९५०च्या दशकातलं. विटांची चिमणी, आणि खाली फायरप्लेसमध्ये आधीच्या मालकांनी बसवलेला इन्सर्ट, म्हणजे काचेच्या दाराची बंद लोखंडी शेगडी. हिवाळ्यात वीज गेली की आम्हाला तिचाच आधार. चिमणी वर्षातून एकदा तपासून घ्यावी असं इथल्या अग्निसुरक्षेच्या 'एनएफपीए २११' या मानकातच म्हटलंय. म्हणून माणसं बोलावली.

दोघं आले. गाडीवर कंपनीचं नाव नव्हतं. एकजण शिडी लावून छपरावर गेला. दुसऱ्याने आमच्याकडूनच जुनी चादर मागून शेगडीपुढे अंथरली, दार उघडून आत टॉर्च मारला, थोडा वेळ ब्रश फिरवला. वरचा उतरला तो चेहरा पाडूनच. त्याने फोन पुढे केला. फोटोत मातीची चौकोनी नळी होती आणि तिला मधोमध उभी भेग. "ही तुमची चिमणी. या भेगेतून कार्बन मोनॉक्साइड भिंतीत शिरतो. वर कोण झोपतं?"

वर आमची मुलगी झोपते, त्याच भिंतीला लागून.

मग भाव निघाला. नळी बदलायचे ४,८०० डॉलर, पण आज ठरवलंत तर ३,९००, आणि निम्मे आत्ता. कार्डाचं मशीन बंद आहे म्हणाला, म्हणून फोनवरून थेट खात्यात पैसे घेतले. पावतीवर 'सफाई पूर्ण' असं लिहून दिलं. जाता जाता म्हणाला, "आमची माणसं येईपर्यंत छोटा जाळ केलात तरी चालेल." विषारी वायू मुलीच्या खोलीत जात असेल, तर छोटा जाळ तरी कसा चालेल? भीती घालणाऱ्याच्या बोलण्यात असं विसंगत काहीतरी असतंच, ते पकडायला हवं.

पहिली शंका आली सासूबाईंना. त्या तेव्हा आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांची निम्मी हयात गावाकडे चुलीपुढे गेलेली. चादर धुवायला उचलली आणि मला हाक मारली, "अगं, हे बघ. धुराडं झाडलं म्हणतात आणि चादरीवर काजळीचा ठिपका नाही. असं कधी होतं का?"

शेजाऱ्यांच्या ओळखीने दुसरा माणूस बोलावला. याच्याकडे चिमनी सेफ्टी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका या संस्थेचं प्रमाणपत्र होतं आणि संस्थेच्या वेबसाइटवर त्याचं नावही सापडलं. त्याने लवचीक काठीला कॅमेरा लावून नळीत सोडला आणि पडदा आमच्यासमोर धरला. आत दिसत होती शेगडीपासून थेट टोकापर्यंत गेलेली स्टीलची गोल नळी. इन्सर्ट बसवताना ती जुन्या चिमणीतून खाली सोडलेली होती. मातीची चौकोनी नळी, भेग, यातलं काहीच नाही. तो फोटो आमच्या घराचा नव्हताच.

मग त्याने शेगडीच्या आतली, धूर अडवणारी वरची पट्टी काढली. तिच्यावर राखेचा थर जसाच्या तसा होता, म्हणजे ती आधी कोणी हलवलीच नव्हती. ब्रश घातल्यावर आधी काळी भुकटी पडली, मग कडक, चमकदार पापुद्रे. हे क्रिओसोट. धूर नळीच्या थंड भागाला लागून गोठतो, आणि लाकूड ओलं असेल तर फार लवकर. आधी भुकटी, मग पापुद्रे, शेवटी डांबरासारखा चकचकीत थर, जो साध्या ब्रशला दाद देत नाही. एक अष्टमांश इंच, म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटर जमलं की सफाई करायलाच हवी. आमच्याकडे त्याहून जास्त होतं. हेच पेट घेतं आणि चिमणीला आग लागते. 'सफाई पूर्ण' या पावतीवर विसंबून आम्ही हिवाळाभर जाळ केला असता. त्या माणसांचा मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा.

पैशांचं म्हणाल, तर पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत असं बँक म्हणाली. पावतीवरच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं. न्यू जर्सीत घरदुरुस्तीच्या कंत्राटदाराला राज्याच्या ग्राहक विभागाकडे नोंदणी करावी लागते, तो नंबर १३व्हीएच या अक्षरांनी सुरू होतो आणि ऑनलाइन पडताळता येतो. यांच्या कागदावर नंबरच नव्हता. त्याच विभागाकडे तक्रार केली आहे.

फोटो दाखवला तर म्हणा, कॅमेरा आमच्यासमोर आत घाला. आपली नळी गोल आहे की चौकोनी, स्टीलची की मातीची, हे आधीच माहीत करून घ्या. कार्बन मोनॉक्साइडचं नाव काढलं तर झोपायच्या खोल्यांजवळचे अलार्म तपासा. अलार्म वाजला किंवा कुणाला चक्कर, मळमळ वाटली तर सगळ्यांनी घराबाहेर पडून ९११ लावायचा, तिथे सफाईवाल्याचं काम नाही. सफाई शक्यतो मोसम संपल्यावर, एप्रिलच्या सुमारास करून घ्या. चांगल्या माणसांच्या तारखा तेव्हा सहज मिळतात आणि ऑक्टोबरची घाई टळते. एका मैत्रिणीला जूनमध्ये चिमणीतलं पक्ष्यांचं घरटं काढायचे जादा पैसे सांगितले होते. चिमनी स्विफ्ट या पक्ष्याला १९१८च्या कायद्याचं संरक्षण आहे, अंडी-पिल्लं असलेलं घरटं काढताच येत नाही. पक्षी गेल्यावर सफाई करून वर जाळीची टोपी बसवायची. लाकूड किमान सहा महिने वाळलेलं हवं, ओल २० टक्क्यांच्या आत. ओल मोजायचं छोटं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

आणि हे वाचणाऱ्या कुणी याच आठवड्यात घरात बसून असं कंत्राट केलं असेल, तर न्यू जर्सीत तिसऱ्या कामाच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ते रद्द करता येतं, कारण देण्याची गरज नाही. ५०० डॉलरवरचं कंत्राट लेखीच असावं लागतं आणि त्यात रद्द करण्याची ही सूचनाही असायला हवी. ती दिली नसेल तर तक्रारीत तेही लिहा. पैसे क्रेडिट कार्डाने दिले असतील तर कार्ड कंपनीला लगेच कळवा. रद्द केल्याचं पत्र पोच मिळेल अशा टपालाने आजच टाका आणि त्याची प्रत जवळ ठेवा.