गॅलरीतल्या मधुमालतीचे चौदा महिने

गेल्या वर्षी जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर नर्सरीतून मधुमालतीचं रोप आणलं, ८० रुपयांना. आमची गॅलरी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेला. दुपारी एकपासून मावळतीपर्यंत ऊन. ग्रील हिरवीगार व्हावी, समोरच्या खिडक्या झाकल्या जाव्यात आणि जमलं तर चार फुलं यावीत, एवढंच मागणं होतं. खिडक्या ऑक्टोबरातच झाकल्या गेल्या. फुलांनी मात्र अकरा महिने ताटकळत ठेवलं.

पहिले दोन महिने तर नर्सरीवाल्याने भलतंच रोप गळ्यात मारलं असं वाटत होतं. वेल कसली, गुडघ्याएवढं झुडूप! मग ऑगस्टच्या अखेरीला बुडातून एक लांबलचक फुटवा निघाला आणि आठवड्याभरात ग्रीलवर पोचला. या झाडाची रीतच तशी आहे, आधी झुडूप, नंतर वेल. त्याचं जुनं शास्त्रीय नाव ‘क्विसक्वालिस’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘कोण? कसला?’. सतराव्या शतकातल्या रम्फियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलेलं. त्या दोन महिन्यांत मीही वेगळं काही विचारत नव्हते.

हिला काकडीसारखे आधाराला गुंडाळणारे तणावे नसतात. पान गळलं की देठाचा बुडखा वाळून टणक काटा होतो आणि त्या काट्यांच्या आधाराने ती वर सरकते. हे मला वाचून नाही, हात ओरबाडून घेतल्यावर कळलं. सुरुवातीला सुतळीने सैलसर बांधावंच लागतं, नाहीतर सगळा पसारा बाहेर लोंबतो.

आता माझी चूक. कौतुकाने दर पंधरा दिवसांनी शेणखत, वर घरचं कंपोस्ट. पानं तळहाताएवढी, फांद्या लांबच लांब पेरांच्या, कळी एकही नाही. आयतं खाऊन माजली होती, दुसरं काय. आणि जानेवारीत पानं पिवळी पडून झडू लागली, म्हणजे समोरच्या खिडक्या पुन्हा उघड्या! आडोशासाठी कोणी लावणार असेल तर ही गोष्ट आधीच सांगते. आमच्याकडे फेब्रुवारी अखेरपर्यंत नुसता सांगाडा होता.

त्याच सांगाड्याची फेब्रुवारीत छाटणी केली, कमरेएवढी ठेवून. सासूबाई म्हणाल्या, “अगं, एक फूल दिसायच्या आत मारलीस की बिचारीला.” पण मधुमालतीला फुलं येतात ती नव्या फुटीच्या शेंड्यांना, जुन्या लाकडाचं जंगल जपून काही हाती लागत नाही. शेणखत बंद केलं, एक मूठ बोनमील (हाडांचा चुरा) दिलं, बाकी ऊन आणि पाणी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला घोस लोंबला.

आणि मग मात्र सगळा राग गेला. फूल उमलतं संध्याकाळी, पांढरं. दुसऱ्या दिवशी गुलाबी, तिसऱ्या दिवशी लाल. एकाच घोसात तिन्ही रंग असतात, त्यामुळे पाहुण्यांना कलम केलंय असं वाटतं. पांढरी फुलं रात्रीच्या पतंगांसाठी. रंग चढल्यावर दिवसा मधमाश्या येतात. आमच्याकडे शिंजीर पक्षीही हजेरी लावून जातो. वासही रात्रीचाच. दुपारी नाक खुपसलं तरी फारसा येत नाही, नऊनंतर दार उघडलं की आतल्या खोलीपर्यंत.

तक्रारी आहेत. फुलं गळतात, रोज, आणि सगळी आपल्याच गॅलरीत पडायला ती शहाणी नाहीत. खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडतात. दोनदा बोलणी खाल्ली, आता बाहेर जाणारे शेंडे दर रविवारी कापते. गळलेल्या फुलांच्या लांब नळ्या एकमेकींत गुंफून बुचाच्या फुलांसारखी बिनदोऱ्याची वेणी होते, तेवढाच सदुपयोग. कोवळ्या शेंड्यांवर एप्रिलमध्ये पिठ्या ढेकूण आला होता. पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन तीन वेळा निंबोळी तेल मारल्यावर आटोक्यात आला. मे महिन्यात पाणी दोन वेळा, एक वेळ चुकली तरी माना टाकते.

कुंडीत लावणार असाल तर बारा इंचीत जीव रमवू नका. मी दोन महिन्यांत रोप अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये हलवलं, आणि आता बुडातून फुटव्यांवर फुटवे येताहेत. बागेतल्या वेलीला फळ क्वचितच धरतं, त्यामुळे बियांच्या नादी लागू नये. मी पेन्सिलीएवढ्या सहा काड्या लावल्या, दोन जगल्या. बुडातला मुळासकट काढलेला फुटवा मात्र लगेच रुजला. आणि रोप घेताना फूल बघूनच घ्या. दुहेरी पाकळ्यांचीही जात मिळते, आणि ‘मधुमालती’ म्हणून काय हातात ठेवतील सांगता येत नाही. जुन्या काव्यातली माधवी ही तर पूर्ण वेगळी वेल, तरी दोघींची गल्लत सर्रास होते.

खाली दोन फूट जमीन आणि एखादं फाटक असतं तर मी डोळे झाकून पुन्हा हीच लावली असती. गॅलरीत पुन्हा लावेन का, हे दर रविवारी कात्री हातात असताना वेगळं ठरतं.

पतंग बघायला जूनभर दिवा मालवून बसत होते. एकदाच आला, हवेत जागच्या जागी थरथरत, लांब सोंड फुलाच्या नळीत घालून. फोटो काढला तो पूर्ण काळा आलाय.