मुदतवाढ, हाताशी माणूस की काम कमी? झेपेनासं झाल्यावर नेमकी कोणती मदत मागायची

कामाचा आणि घराचा भार एकदम अंगावर आला की माणूस ‘कोणाला सांगू’ या प्रश्नावर अडतो. त्याच्या आधीचा प्रश्न आहे ‘मागू काय’. मदत चुकीची मिळाली तर भार वाढतो, वर उपकाराचं ओझं होतं ते वेगळंच.

आधी आठवडाभराची नोंद ठेवा. प्रत्येक कामापुढे लागलेला वेळ, ते कोणी सांगितलं, आणि नाही केलं तर कोणाचं काय अडेल, एवढंच लिहायचं. घरची कामंही त्यातच. सात दिवसांनी दोनपैकी एक चित्र दिसतं. एक तर तासांची बेरीजच जमत नाही. किंवा तास जमतात, पण कधी काय करायचं हे दुसरेच ठरवतात. रॉबर्ट कॅरासेक या समाजशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार कामाची जास्त मागणी आणि ते कधी-कसं करायचं हे ठरवण्याचा कमी अधिकार ही जोडी सर्वांत जास्त ताण देते. तुमचं चित्र हे दुसरं असेल, तर रोज सकाळी दोन तास फोन-मीटिंगविना मिळणं हे महिनाभराच्या मुदतवाढीपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

नोकरीत मागण्यासारख्या चार गोष्टी

मुदतवाढ सगळ्यांत सहज मिळते, म्हणून लोक तीच मागतात. काम एकदाच साचलं असेल तर ती योग्य आहे. पण दर आठवड्याला हातावेगळ्या होणाऱ्या कामापेक्षा नवीन येणारं जास्त असेल, तर ढीग फक्त पुढच्या महिन्यात सरकतो आणि तिथल्या कामाला जाऊन मिळतो. म्हणून मागण्याआधी पुढच्या महिन्याचं कॅलेंडर बघा. तिथे जागा नसेल तर मुदत मागूच नका. मागितलीत, तर नवी तारीख मनातल्या अंदाजावरून सांगू नका. मागच्या वेळी असंच काम प्रत्यक्ष किती दिवसांत झालं, ते पाहून सांगा. दुसऱ्यांदा मुदत मागावी लागली की शब्दाची किंमत कमी होते.

हाताशी माणूस मागणं ऐकायला शहाणपणाचं वाटतं. मात्र सॉफ्टवेअर क्षेत्रातले फ्रेड ब्रूक्स १९७५ मध्येच सांगून गेले की उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो. कारण साधं आहे. नव्या माणसाला शिकवणार कोण? तुम्हीच. शिवाय बोलण्याच्या जोड्या वाढतात: तीन जणांत तीन, चौघांत सहा, पाच जणांत दहा. त्यामुळे ऐन घाईत नवा माणूस मागायचाच असेल, तर अडलेल्या कामावर घेऊ नका. तुमचं एखादं रुळलेलं, लिहून देता येईल असं काम त्याच्याकडे सोपवा.

तिसरी मागणी म्हणजे काम काढून घ्या. मागायला हीच जड जाते आणि बहुतेक वेळा फरकही हिनेच पडतो. ‘फार लोड आहे’ म्हटलं की ‘सगळ्यांनाच आहे’ हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी एका पानावर कामांची यादी, प्रत्येकाचे तास आणि तुम्ही सुचवलेला क्रम घेऊन जा. वाक्य साधारण असं असावं: ‘ही सात कामं मिळून आठवड्याचे ५५ तास होतात, माझ्याकडे ४० आहेत. पहिली चार वेळेत देईन. उरलेल्या तीनमधलं कोणतं थांबवायचं आणि कोणतं दुसऱ्याकडे द्यायचं, हे शुक्रवारपर्यंत ठरवूया.’ यात तक्रार नाही, नकारही नाही. निर्णय ज्याचा आहे त्याच्यासमोर तो ठेवला जातो.

‘सगळंच महत्त्वाचं आहे’ असं उत्तर आलं तर वाद घालू नका. दोन कामांची नावं घ्या आणि विचारा, ‘दोन्ही एकाच दिवशी अडली तर आधी कोणतं देऊ?’ याचं उत्तर सहसा मिळतं. ‘बघू’ म्हणून बोळवण झाली तर त्याच दिवशी ठरलेलं आणि न ठरलेलं असं दोन्ही लिहून मेल करा. दोन आठवड्यांनी यादी पुन्हा काढा, कारण काढून घेतलेलं काम ‘जरा हे बघशील का’ म्हणत परत येतं.

विनंती मात्र समोरासमोर करा, मेल नंतर. २०१७ मध्ये रोघनीजाद आणि बोन्स या संशोधकांनी केलेल्या प्रयोगात समोर जाऊन केलेली विनंती ईमेलपेक्षा कित्येक पटींनी जास्त मान्य झाली. प्रयोग अनोळखी लोकांवर होता, त्यामुळे ओळखीत फरक तेवढाच पडेल असं नाही, पण दिशा तीच धरायला हरकत नाही.

चौथी, रजा. तिने शरीराला उसंत मिळते, कामाचं गणित मात्र तसंच राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटचं, म्हणजे कामाने पार गळून जाण्याचं, वर्णन कामाच्या ठिकाणच्या, आटोक्यात न आणलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम असं आहे; त्याला आजार म्हटलेलं नाही. ताणाचं मूळ ऑफिसात असेल तर सुट्टीवरून परतल्यावर तोच आठवडा वाट बघत असतो. म्हणून रजेवर जाण्याआधीच परतीच्या पहिल्या तीन दिवसांत काय करायचं नाही, हे ठरवून घ्या. झोप सलग मोडली असेल किंवा घरात आजारपण असेल तर मात्र गणित बाजूला ठेवून आधी रजा घ्या.

घरात: हातभार की जबाबदारी

‘मला जरा मदत करत जा’ या वाक्याने फारसं काही हलत नाही. अ‍ॅलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये घरकामामागच्या डोक्यातल्या कामाचे चार भाग दाखवले: गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. ‘हे औषध आण’ म्हणून सांगितलं की समोरचा फक्त फेरी मारतो, हे चारही भाग तुमच्याकडेच राहतात. म्हणून सुटी कामं वाटू नका, आख्खं खातं द्या: आईच्या औषधांचं सगळं तुझ्याकडे, संपत आलीत हे बघण्यापासून. किमान काय झालंच पाहिजे ते आधी ठरवा, पद्धत त्याची. ती वेगळी आहे म्हणून काम परत ओढून घेतलंत की खातं कायमचं तुमच्या नावावर. पैसे देऊन माणूस ठेवला तरी देखरेख कोणाकडे, हे बोलून घ्या.

मित्र-नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘कोणी येऊ शकेल का?’ असं टाकलं की जो तो दुसऱ्याची वाट बघतो. एकालाच विचारा, दिवस आणि वेळ सांगून. नुसतं ऐकून घ्यायला हवं असेल तर तेही आधीच सांगा, नाहीतर सल्ल्यांची रांग लागते.

समुपदेशक की डॉक्टर

नाही म्हणता येत नाही, त्याच त्या नात्यात वारंवार अडकायला होतं, अशी अडचण असेल तर समुपदेशक. पण दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटतंय, कशात रस नाही, झोप किंवा भूक बिघडलीय, तर आधी डॉक्टर. नुसता थकवा असला तरी रक्ततपासणी करून घ्या, कारण रक्तक्षय आणि थायरॉइडच्या तक्रारीही असाच थकवा देतात. जगणं नको वाटत असेल तर ही तुलना सोडा. त्याच दिवशी कोणाला तरी सोबत घेऊन डॉक्टर किंवा तातडीची सेवा गाठा.

यातलं साहेबांना किती सांगायचं? कामावर होणारा परिणाम आणि हवा असलेला बदल, एवढं पुरतं. निदानाचं नाव सहसा सांगावं लागत नाही. वैद्यकीय रजेसाठी कागद लागलाच, तर काय लिहिणं गरजेचं आहे ते आधी एचआरकडून विचारून घ्या आणि डॉक्टरांकडून तेवढंच लिहून घ्या.