तुळईच्या पोटातला थर्माकोल

सिंहगड रस्त्यावर आमचं मराठी जेवणाचं हॉटेल आहे. छताला वाड्यातल्या कडीपाटाचं रूप हवं होतं. सागवान परवडत नव्हतं, आणि भाड्याच्या जागेत तेवढं वजन वर टांगायची हिंमतही नव्हती. म्हणून लाकडासारख्या दिसणाऱ्या पीयूच्या (पॉलीयुरेथेन, म्हणजे कडक फोमसारखं प्लास्टिक) पोकळ तुळया बसवायचं ठरवलं. त्या खऱ्या लाकडाच्या नसणार हे मान्यच होतं.

ठेकेदाराने आणलेला फूटभर नमुना सुरेख होता. कडक, हलका, रेषा जुन्या सागासारख्या. त्याने स्वतः लायटर लावून दाखवला. कडा काळी पडली, लायटर काढताच विझली. १२ तुळया, प्रत्येकी १४ फूट, रनिंग फुटाला ६५० रुपये. नमुना तो परत घेऊन गेला आणि मी नेऊ दिला.

चार महिन्यांनी इलेक्ट्रिशियन दिवा टांगायला ड्रिल घेऊन चढला, तर पांढरे मणी भुरभुर खाली पडले. थर्माकोल! वर जाळीचं कापड, पातळ लेप आणि लाकडी रंग. एक तुकडा मागच्या अंगणात पेटवला, तर काळा धूर आणि पेटते थेंब. शिवाय तुळया स्लॅबला फास्टनरने न धरता फॉल्स सीलिंगच्या जिप्सम बोर्डाला नुसत्या चिकटवलेल्या.

बिलावर लिहिलं होतं, ‘डेकोरेटिव्ह बीम, वुडन फिनिश’. पीयू हा शब्दच नाही. “बिलात आहे तेच दिलंय, साहेब,” असं म्हणून त्याने फोन ठेवला. पैसे पूर्ण चुकते झालेले.

तुम्ही असं काम काढणार असाल तर मालाचं नाव, जाडी आणि तुळई कशाला धरणार हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. नमुन्यावर दोघांच्या सह्या करून तो तुमच्या कपाटात ठेवा. माल उतरला की एक तुळई कापायला लावा आणि कापलेल्या जागी थिनरचा थेंब टाका: थर्माकोल लगेच विरघळून खड्डा पडतो, पीयूला तसं होत नाही. पीयूही साधा असेल तर पेटतोच, म्हणून आगीच्या चाचणीचा अहवाल मागा, आणि तो त्याच मालाचा आहे ना ते बघा.

दर जानेवारी-जुलैला आम्ही फायरचं प्रमाणपत्र घेतो. आग विझवायचे सिलिंडर, होज तपासून होतात. तुळईच्या आत कोणी बघितलं नव्हतं. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या पबना लागलेल्या आगीत १४ जण गेले, तेव्हा ती बातमी मी याच गल्ल्यावर बसून वाचली होती.

सगळ्या तुळया उतरवल्या. शेवटच्या दोन तंदूरच्या खिडकीपासून सहा फुटांवर होत्या. त्यांच्या खालच्या टेबलावर रविवारी लहान मुलं असलेली कुटुंबं बसायची.