पोर्ट की पिक लाइन? लहान मुलाला सार्कोमा असेल तेव्हा

निदान होतं, प्रोटोकॉल ठरतो आणि त्या गडबडीत कुणीतरी विचारतं, "पोर्ट बसवायचा की पिक लाइन?" केमो शिरेत सोडायचे हे दोन मार्ग. पोर्ट म्हणजे छातीच्या कातडीखाली बसवलेली छोटी डबी, तिची नळी मोठ्या शिरेत जाते आणि औषध देताना कातडीवरून तिच्यात सुई टोचतात. पिक म्हणजे दंडातून मोठ्या शिरेपर्यंत सरकवलेली लांब नळी, तिचं तोंड बाहेरच राहतं. आमच्या हातात सोडलेला तेवढा एकच निर्णय होता. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती, नाकामागे रॅब्डोमायोसार्कोमा, म्हणजे स्नायूंसारख्या पेशींतून होणारा सार्कोमा, एक प्रकारचा कॅन्सर. आम्ही आधी पिक घेतली आणि अडीच महिन्यांनी पोर्टवर आलो.

हातावरच्या साध्या सुईवर भागवणं हा पर्याय मी धरतच नाही. व्हिन्क्रिस्टिन किंवा ॲक्टिनोमायसिनसारखं केमोचं औषध शिरेबाहेर झिरपलं तर आतलं मांस जळतं.

पिकची बाजू मोठी आहे, हे आधी कबूल करतो. थोड्या गुंगीत बसते, काढायला ऑपरेशन लागत नाही, रक्त काढताना टोचावं लागत नाही. गाठ श्वासनलिकेवर दाबत असेल आणि पूर्ण भूल धोक्याची असेल, तर वाद नकोच, पिकच.

आमचं बिनसलं ते चिकटपट्टीवरून. दंडावरचं पारदर्शक ड्रेसिंग दर आठवड्याला बदलायचं. नर्स एक कोपरा नखाने उचलायची आणि मुलगी श्वास रोखून त्या कोपऱ्याकडे बघत राहायची. केमोला ती कधी एवढी रडली नाही. पट्टीखालची कातडी लाल, ओलसर झाली होती. आंघोळीला दंडाला प्लॅस्टिक गुंडाळायचं, तरी एक थेंब आत जायचाच, की ड्रेसिंग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी आम्ही आंघोळच बंद करून ओल्या फडक्याने अंग पुसू लागलो. एकदा फ्रॉक काढताना नळी जराशी बाहेर सरकली. मग टोक जागेवर आहे का ते बघायला एक्स-रे, आणि त्या दिवसाचा केमो पुढे ढकलला.

पोर्टला यातलं काही नाही. सगळं कातडीखाली. सुई नसेल तेव्हा पाण्यात खुशाल खेळावं, आणि उपचार नसतील तेव्हा साधारण महिन्यातून एकदा फ्लश (नळी तुंबू नये म्हणून ती धुणं) पुरतो. पण बसवताना एक भूल, काढताना दुसरी, आणि दर वेळी सुई. बधिर करणारं क्रीम तासभर आधी लावलं तर ती सुसह्य होते. एकदा आम्ही विसरलो होतो, त्याची आठवण ती अजून काढते.

खरा फरक मला रेडिएशनमध्ये जाणवला. 28 फेऱ्या, आठवड्यातून पाच दिवस, आणि एवढ्या लहान मुलाला हलू न देण्यासाठी रोज भूल. सोमवारी पोर्टला सुई लावायची ती शुक्रवारपर्यंत ठेवायची, म्हणजे आठवड्याला एकच टोचणं. शनिवार-रविवार टबात.

शिवाय हे उपचार लवकर संपत नाहीत. युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष 2019 मध्ये आले, जास्त जोखमीच्या गटातल्या मुलांना मुख्य केमोनंतर सहा महिने कमी मात्रेचा मेन्टेनन्स (आजार परत येऊ नये म्हणून पुढे चालू ठेवलेला केमो) दिल्यावर जगण्याचं प्रमाण सुधारलेलं दिसलं. त्यातली सायक्लोफॉस्फमाइड तोंडाने घेता येते, पण व्हिनोरेल्बिन शिरेतूनच दिलं होतं, तेही झिरपल्यास जाळणारं. एवढे महिने दंडावर पट्टी ठेवायची का, याचा विचार आधीच केलेला बरा.

संसर्गाच्या बाबतीत दोन्हीकडे गाफील राहू नये. ताप 38 च्या वर गेला की रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघायचं. दोन औषधं एकाच वेळी सोडायची वेळ वारंवार येणार असेल तर एकाच तोंडाचा पोर्ट अपुरा पडतो. तेव्हा डॉक्टर दोन तोंडांची नळी सुचवतील, तर ऐकावं.

तुमचं मूल पट्टीला घाबरत नसेल, उपचार थोडक्यात आटोपणारे असतील, तर पिकनेही निभावेल. आम्ही पुन्हा निवडलं असतं तर पहिल्याच दिवशी पोर्ट. फक्त कोणत्या बाजूला बसवणार ते आधी विचारा. गाठ छातीत किंवा खांद्याजवळ असेल, तर तो रेडिएशनच्या वाटेत येऊ नये म्हणून रेडिएशनच्या डॉक्टरांनाही त्या बोलण्यात घ्या.