डार्क शॅडोज : १३१ डिस्कांचा संच आठ महिने पाहिल्यानंतर

गेल्या सप्टेंबरात आई कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आली आणि त्याच आठवड्यात 'डार्क शॅडोज' या जुन्या अमेरिकी टीव्ही मालिकेचा हा संच घरी पोचला. शवपेटीच्या आकाराचा भलामोठा खोका, आत १३१ डिस्का, १२२५ भाग. खोका बघून आई म्हणाली, "हे घरात कशाला आणलंस गं?" पुढं तीच रोज पावणेचारला चहा टाकून माझी वाट बघत बसायची.

हा अनुभव लिहायला मी मुद्दाम शेवटचा भाग संपेपर्यंत थांबले. फेब्रुवारीत लिहिला असता तर नुसतं कौतुक झालं असतं आणि मार्चमध्ये नुसती तक्रार.

ज्यांना ही मालिका माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एबीसी वाहिनीवर २७ जून १९६६ ते २ एप्रिल १९७१ या काळात सोमवार ते शुक्रवार दुपारी लागणारी, अर्ध्या तासाची रोजची मालिका. मेन राज्यातलं कॉलिन्सपोर्ट नावाचं काल्पनिक बंदर, टेकडीवर कॉलिनवूड हा वाडा, त्यात अठरा वर्षं घराबाहेर पाऊल न टाकलेली मालकीण एलिझाबेथ, आणि तिच्या भाच्याला शिकवायला रात्रीच्या गाडीनं आलेली अनाथ मुलगी व्हिक्टोरिया. निर्माता डॅन कर्टिस. आगगाडीत बसलेल्या मुलीचं एक स्वप्न त्याला पडलं आणि त्यातून मालिकेची सुरुवात सुचली. सुरुवातीला ती कौटुंबिक रहस्याचीच होती. भुतं हळूहळू आली आणि व्हॅम्पायर तर जवळजवळ दहा महिन्यांनी, एप्रिल १९६७ मध्ये.

मला ही मालिका शेजारच्या बाईंमुळे कळली. त्या १९६७ साली दहा वर्षांच्या होत्या. अमेरिकेत त्यांच्या वयाच्या माणसांसमोर हे नाव काढलं तर बहुतेक जण गोष्ट सांगायच्या आधी एकच सांगतात : शाळा सुटली की आम्ही पळत घरी यायचो. बाई तर कुठल्या रस्त्यानं यायच्या, कुणाच्या कुंपणावरून उडी मारायच्या, दप्तर कुठं टाकायच्या, हेसुद्धा सांगतात. मी स्वतः शाळेच्या ऑफिसात काम करते. तीनची घंटा झाल्यावर पोरं कशी सुटतात ते रोज बघते, त्यामुळे ते पळणं मला लगेच दिसलं.

म्हणून आम्हीही चारची वेळ ठरवली. पहिल्या दोन रविवारी हौसेनं दहा-दहा भाग बघितले आणि सगळ्यांची सरमिसळ झाली. मग रोज पाच भाग, त्याहून जास्त नाही, असा नेम केला. त्यांचा एक आठवडा म्हणजे आमची एक संध्याकाळ. एक भाग साधारण बावीस मिनिटांचा, म्हणजे पावणेदोन तासांच्या वर. हा संच घेणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच : एका दमात बघू नका. ही मालिका रोज थोडी थोडी बघण्यासाठी लिहिली होती. त्यात एकच गोष्ट चार जण चार जणांना सांगतात, कारण मंगळवारी ज्याचा भाग चुकला त्याला बुधवारी कळायला हवी. एकदम बघितलं की तेच कंटाळवाणं होतं. रोजच्या वेळेला बघितलं की शेजारच्या घरात काय चाललंय ते कानावर पडल्यासारखं होतं.

सुरुवात कुठून करायची, यावर जुन्या चाहत्यांमध्ये मतभेद आहेत. पुष्कळ जण सांगतात, थेट २१०व्या भागापासून लावा. विली लूमिस दागिन्यांच्या लोभानं कॉलिन्स घराण्याच्या थडग्यात शिरतो, साखळ्या बांधलेली पेटी उघडतो आणि आतून एक हात येऊन त्याचा गळा धरतो, तो हा भाग. डिस्कासुद्धा आधी इथूनच बाजारात आल्या होत्या, त्याआधीचे भाग नंतर. माझं मत वेगळं आहे. पहिल्या भागापासूनच बघा. त्या दोनशे भागांत एका हरवलेल्या फाउंटन पेनचं प्रकरण इतकं लांबतं की आई पेन दिसला की हात जोडायची, हे खरं आहे. पण त्याच काळात ७०व्या भागात ओसाड जुन्या घरातल्या तसबिरीतून जोसेट नावाच्या बाईचं भूत खाली उतरतं. कृष्णधवल चित्र, वाऱ्याचा आवाज, एक शब्द नाही, आणि ती खांबांमधून नाचत बाहेर जाते. तो प्रसंग बघताना आईनं माझा हात धरला होता. शिवाय तो वाडा आपल्या ओळखीचा झालेला असला, तरच त्याच्या दारात बार्नबस हा व्हॅम्पायर येऊन उभा राहतो तेव्हा छातीत धस्स होतं.

आता बार्नबसबद्दल. जोनाथन फ्रिड हा कॅनडाचा, रंगभूमीवरचा नट. त्याचं काम थोड्याच दिवसांसाठी होतं, पण तो शेवटपर्यंत राहिला आणि मालिका त्याची झाली. खांद्यावरून केप असलेला लांब कोट, लांडग्याच्या मुठीची काठी, बोटात काळ्या खड्याची अंगठी, कपाळावर उतरलेल्या केसांच्या बटा. इंग्लंडहून आलेला दूरचा नातेवाईक म्हणून तो कॉलिनवूडमध्ये येतो आणि सगळ्यांशी फार अदबीनं बोलतो.

फ्रिडला संवाद पाठ व्हायचे नाहीत, हे त्यानंच पुढं सांगितलेलं आहे. सकाळी तालीम आणि दुपारी थेट प्रक्षेपण असल्यासारखं सलग चित्रण, अशी ती पद्धत. व्हिडिओ टेप कापून जोडणं खर्चाचं, त्यामुळे चुकलं तरी सहसा पुन्हा करायचे नाहीत. तो बोलता बोलता अडायचा, त्याची नजर समोर लिहून ठेवलेल्या ओळी शोधायची. पण पडद्यावर ते कसं दिसतं, हे जवळून बघा. एक माणूस काहीतरी सांगायला तोंड उघडतो, थांबतो, डोळे बाजूला वळवतो, आणि मग दुसरंच काहीतरी सांगतो. पावणेदोनशे वर्षांचं पाप लपवणारा माणूस असाच बोलणार! आईला इंग्रजी येत नाही. मी मधे मधे थांबवून सांगत होते. पण त्याच्याबद्दल ती पहिल्या आठवड्यातच म्हणाली, "ह्याला काहीतरी कबूल करायचंय बघ." मालिकेचं गमक मला तिनं सांगितलं. तोपर्यंत पडद्यावरचे बहुतेक व्हॅम्पायर नुसते घाबरवायचे. फ्रिडच्या चेहऱ्यावर स्वतःचीच भीती होती आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांना ती कळली. त्याला पोत्यांनी पत्रं यायची.

चुका मात्र भरपूर आहेत. मायक्रोफोनची सावली भिंतीवरून फिरते, दगडी थडगी धक्क्यानं हलतात, एखादा नट दुसऱ्याचंच नाव घेतो. हल्ली या चुकांचे तुकडे काढून लोक हसतात. आठ महिने बघितल्यावर मला तसं हसता येत नाही. न्यू यॉर्कमधल्या लहानशा स्टुडिओत रोज एक नाटक उभं करायचं, आणि उद्या दुसरं. जोन बेनेटसारखी हॉलिवूडमध्ये नाव कमावलेली नटी समोरचा ओळ विसरला की एका पावलात त्याला सावरून घेते. ते बघणं हा या संचातला फार मोठा आनंद आहे.

डिसेंबरात आम्ही १७९५ च्या कथेत पोचलो. प्रेतात्मा बोलावण्याच्या बैठकीतून व्हिक्टोरिया त्या काळात जाऊन पडते आणि तेच नट पूर्वजांच्या भूमिकांत येतात. बाहेर साडेचारला अंधार, घरात आम्ही दिवा न लावता बसलेलो. मार्टिनिकहून आलेली दासी अँजेलिक बार्नबसवर प्रेम करते, तो जोसेटशी लग्न करायला निघतो, आणि ती त्याला शाप देते. पुढं धाकटी बहीण सारा जाते, जोसेट कड्यावरून उडी घेते, आई नेओमी विष घेते. पण मला सगळ्यात लक्षात राहिला तो बाप, जोशुआ. लुई एडमंड्सनं तो केलाय. आधी शिस्तीचा, कोरडा, मुलाला कधी जवळ न घेतलेला. मुलगा काय झालाय हे कळल्यावर त्याला संपवणं हाच उपाय उरतो आणि बापाचा हात उचलत नाही. शेवटी पेटीला साखळ्या घातल्या जातात. म्हणजे २१०व्या भागात विलीनं तोडलेल्या साखळ्या बापाच्या मायेच्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी बघितलेला प्रसंग आठवून आम्ही दोघी गप्प बसलो.

नेमकी इथलीच एक डिस्क अडकली. शेवटचे तीन भाग चालेनात. जिथून संच मागवला त्या दुकानानं डिस्क बदलून दिली, पण तीन आठवडे घालवले आणि दोनदा माझ्याकडूनच फोटो मागितले. संच आला की सगळ्या डिस्का आधी लावून बघा, मुदत उलटायच्या आत. मी ते केलं नाही. हल्लीच्या लॅपटॉपला डिस्क लावायची सोय नसते, तो खर्चही धरून ठेवा.

ते तीन भाग शेजारच्या बाईंनी सांगितले. आमच्या सोफ्याच्या कडेला बसून, आठवून आठवून. कोण कुठल्या दारातून आलं, मेणबत्ती कुठं होती, नेओमी पेला कशी धरते. मी मराठीत आईला सांगत होते. नवी डिस्क आल्यावर पडताळलं, तर थोडा क्रम सोडला तर सगळं बरोबर! अठ्ठावन्न वर्षांपूर्वी बघितलेलं. मालिका ऑगस्ट १९६७ पासून रंगीत झाली होती, पण बाईंच्या घरचा टीव्ही कृष्णधवल. "अँजेलिकचे डोळे निळे आहेत हे मला पंचविशी उलटल्यावर कळलं," त्या म्हणाल्या. ऐंशीच्या दशकात सार्वजनिक वाहिन्यांवर पुनःप्रक्षेपण झालं, तेव्हा. लारा पार्करचे ते मोठे डोळे पडद्यावर आले की बाई अजूनही बोलणं थांबवतात.

१८९७ ची कथा सगळ्यात रंगतदार आहे. डेव्हिड सेल्बीचा क्वेंटिन, ग्रेसन हॉलची माग्दा, थेअर डेव्हिडचा काउंट पेटोफी. यावर जास्त लिहीत नाही, बघाच. क्वेंटिनच्या ग्रामोफोनवरची धून १९६९ मध्ये अमेरिकेच्या रेडिओवर गाजली होती. आई ती भांडी घासताना गुणगुणायची.

ती कथा संपता संपता आईचा परतीचा दिवस आला आणि मालिकाही तिथूनच उतरली, असं मला मनापासून वाटतं. लेव्हायथन नावाच्या प्राचीन शक्तींचं प्रकरण कुणाच्याच जिव्हाळ्याचं नाही. बार्नबससारखा माणूस कुणाच्या तरी हुकमाचा ताबेदार झालेला बघवत नाही. अर्धा तारा मी इथं कापते आणि त्याआधीच्या स्वप्नशापासाठी थोडा, कारण तेच स्वप्न एकामागून एक इतक्या जणांना पडतं की त्यातली भीतीच जाते. प्रेक्षक कमी होत गेले आणि २ एप्रिल १९७१ ला, शुक्रवारी, मालिका थांबली. सोमवारी त्या जागी शब्दखेळाचा कार्यक्रम लागला. बाई चौदा वर्षांच्या होत्या. तरीही त्या सोमवारी चारला टीव्ही लावून बसल्या होत्या.

शेवटाकडे आल्यावर १२१९वा भाग लागतो. टेपा महाग होत्या, त्या काळी वाहिन्या जुनं पुसून त्यावर नवं चित्रित करायच्या, आणि रोजच्या मालिकांचं फारसं काही उरलं नाही. ही जवळजवळ पूर्ण उरली, एवढा एक भाग सोडून. पण चाहते घरी टेपरेकॉर्डर लावून नुसता आवाज धरून ठेवत. त्यातला आवाज घेऊन, स्थिरचित्रं जोडून हा भाग उभा केलाय. आवाज घोगरा आहे. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांच्या भावानंही टीव्हीसमोर असाच माइक धरला होता आणि त्या टेपवर मधेच त्यांच्या आईची हाक होती, जेवायला चला म्हणून. ती टेप आता नाही.

शेवट मात्र मनाला लागतो. अखेरचे दोन महिने बार्नबस येतच नाही. फ्रिड असतो, पण समांतर काळातला ब्रॅमवेल नावाचा वेगळा माणूस म्हणून. शेवटच्या भागात मानेवर दोन खुणा असलेली मुलगी सापडते आणि मग निवेदक सांगतो की या वेळी खरोखरच जनावर चावलं होतं. झालं. जवळजवळ चार वर्षं ज्याच्यासाठी मुलं पळत घरी आली, त्याचा निरोप कुणी घेतला नाही. चित्रपट निघाले, १९९१ मध्ये नवी मालिका आली, पण ज्यांनी हा बार्नबस बघितला त्यांची ही हुरहूर अजून तशीच आहे, आणि आता माझीही.

मे महिन्यात आईचा फोन आला. तिनं आधी तेच विचारलं, "त्याचं पुढं काय झालं गं?" मी सांगितलं, अँजेलिकनं शाप मागे घेतला, तो पुन्हा माणूस झाला, अँजेलिक मेली, तो ज्युलिया या डॉक्टर मैत्रिणीबरोबर आपल्या काळात घरी परत आला, आणि त्यानंतर दाखवलाच नाही. ती थोडा वेळ बोलली नाही. कॉलिनवूडच्या दिवाणखान्यात सारखी ब्रँडी ओततात, पण ताट कुणी वाढत नाही, हे तिला पहिल्या दिवसापासून खुपत होतं.

"घरी आल्यावर त्याला कुणी जेव म्हणालं का?" तिनं विचारलं.

नाही म्हटलं.

"तेवढं तरी दाखवायचं की गं."