खताचे पोते की गावातला कृषी सहायक?

2003 मध्ये मोझांबिकची राजधानी मापुटो येथे आफ्रिकी देशांनी अर्थसंकल्पाचा किमान 10 टक्के वाटा शेतीला देण्याचे ठरवले. तो कशावर खर्चावा, याची उत्तरे मात्र निरनिराळी निघाली. मलावीने 2005 च्या दुष्काळानंतर लहान शेतकऱ्यांना कूपने वाटली. कूपन आणि थोडी रोख रक्कम दिली की 50 किलोची खताची दोन पोती, त्यातले एक युरियाचे, आणि मक्याचे सुधारित बियाणे पदरात पडे. पाऊसही साथीला होता (चांगल्या पिकाचे श्रेय मात्र अनेकदा कूपनांनाच दिले जाते), आणि 2007 मध्ये मलावीने झिम्बाब्वेला मका विकला. पण खत आयातीचे असल्याने 2008 मध्ये जागतिक भाव भडकताच योजनेचा खर्च फुगला आणि सिंचन व संशोधन मागे पडले.

इथिओपियाने भर दिला माणसांवर. प्रत्येक केबेलेत, म्हणजे तिथल्या सर्वांत खालच्या प्रशासकीय घटकात, पीक, पशुधन आणि नैसर्गिक संसाधने यांसाठी एकेक असे तीन कृषी सहायक नेमण्याचे धोरण राबवले गेले. मला हा मार्ग अधिक टिकाऊ वाटतो, जरी तिथेही सल्ला दीर्घकाळ साचेबंदच राहिला: जमीन कोणतीही असो, हेक्टरी 100 किलो डीएपी (नत्र व स्फुरद देणारे खत) आणि 100 किलो युरिया.